टेमघर. विचारा.

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कुठल्याही कंप्युटरच्या कुठल्याही कोपऱ्यात दडलेली लायब्ररी ज्याला हमखास सापडत असे, असा भिवंडी शहरात आणि तालुक्यात मिळून एकच माणूस होऊन गेला. होऊन गेला म्हणजे आहे. चांगला ठणठणीत आहे. पण तो नेमका कुठे आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही, आणि ही व्यवस्था त्याने स्वतःच करून ठेवली आहे.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेतले मास्तर नव्हेत, लूमवरचे. पावरलूमच्या शेडमध्ये ताणा, बाणा, फणी, उतरणारं कापड, सगळं ज्याच्या नजरेखालून जातं तो मास्तर. अर्धं आयुष्य त्यांनी ते काम केलं. मग शेड बंद पडली आणि ते आमच्याकडे आले. आमची कंपनी म्हणजे कामतघरात एका चालू शेडच्या डोक्यावरचा मजला, सात माणसं आणि एक माठ. खाली लूम चालू असले की वर आमच्या चहात बारीक वर्तुळं उठायची. वर्तुळं थांबली की समजायचं, खाली शिफ्ट बदलली.

आम्ही एक प्रोग्राम लिहीत होतो. लूमवर कॅमेरा लावायचा, त्याने उतरणाऱ्या कापडाकडे बघत बसायचं आणि धागा तुटला किंवा डाग पडला की प्रोग्रामने बोंब मारायची. मालकांनी मास्तरांना बोलावलं होतं ते आम्हाला कापडातले दोष समजावून सांगायला. ते काम त्यांनी आठ दिवसांत उरकलं. नवव्या दिवशी ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आता तुमचे दोष दावा."

पुढली सहा वर्षं ती खुर्ची तिथून हलली नाही.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. प्रोग्राम कुणीच सगळाच्या सगळा स्वतः लिहीत नाही. लूमवाला जसं सूत स्वतः कातत नाही, बाहेरून आणतो, तसंच. चित्रातला धागा ओळखायचं अवघड काम जगात दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं असतं. त्या तयार मालाला लायब्ररी म्हणायचं. आपला माल आणि हा बाहेरचा माल जोडून चालता प्रोग्राम उभा करणारं एक अवजार असतं, त्याला आम्ही बिल्ड टूल म्हणतो. या अवजाराला एवढंच सांगायचं असतं की, बाबा रे, लायब्ररी अमुक ठिकाणी ठेवली आहे. एवढंच. या 'एवढंच'पायी मी धडधाकट, बायकामुलं असलेले पुरुष ऑफिसच्या जिन्यात बसून रडताना पाहिले आहेत. त्यातला एक मी होतो.

कारण आमच्याकडे कंप्युटर तीन जातींचे. माझ्याकडे विंडोज. मालकांच्या भाच्याकडे मॅक. आणि शेडमध्ये लूमशेजारी जो लहानसा डबा बसवायचा, त्यात लिनक्स. एकच लायब्ररी, पण तिन्ही घरी तिचं राहायचं ठिकाण वेगळं. मास्तरांनी ही गोष्ट पहिल्याच महिन्यात ओळखली आणि आपल्या परीने लावून घेतली.

"ह्ये विंडोज म्हंजी आपला गोडाऊनचा पट्टा," ते मला म्हणाले. "कुनीबी यावं, कुठंबी गाळा घ्यावा. ड्रायव्हर बिचारा सकाळपासून फिरतोय. लिनक्स म्हंजी सरकारी कॉलनी. सगळं जागच्या जागी हाय, पन त्या जागेला तीन नावं."

"आणि मॅक?"

"तो पाहुना नव्या बिल्डिंगमधी ऱ्हायला गेला. कुनाला सांगितलंच न्हाय."

"मग करायचं काय, मास्तर?"

"इचारायचं."

हे त्यांचं सगळं शास्त्र. मी बिल्डच्या फाईलमध्ये लायब्ररीचा पूर्ण पत्ता लिहून मोकळा व्हायचो: अमुक ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्यात तमुक. मास्तर ती ओळ पुसायचे. न रागावता, जेवताना ताटातली मिरची बाजूला काढावी तशी. त्यांच्या फाईलमध्ये पूर्ण पत्ता कधी नसायचाच. कसं विचारायचं, तेवढं असायचं. आधी, कुणी खूण सांगून ठेवली असेल तर तिथे बघ. मग असल्या वस्तू सहसा जिथे राहतात तिथे बघ. मग चिठ्ठी शोध. कारण चांगल्या घरच्या लायब्रऱ्या स्वतःची चिठ्ठी मागे ठेवतात, मी इथे राहते, माझ्याबरोबर अमक्या-अमक्यांनाही न्यावं लागेल, अशी. आणि एवढं करूनही सापडली नाही तर भलतीलाच हाताला धरून आणू नकोस. मोठ्याने सांग, सापडली नाही.

"पन पूर्ण पत्ता लिहू न्हये, भाऊ," ते म्हणायचे. "पूर्ण पत्त्यात मानसाची लफडी असतात."

मला हे वाक्य पुष्कळ वर्षं नुसतं गमतीचं वाटत होतं.

त्यांचं हे शास्त्र कंप्युटरपुरतं नव्हतं. भिवंडीत पत्ता कुणाला विचारावा यावर त्यांचा स्वतंत्र अभ्यास होता. रिक्षावाल्याला विचारू नये, तो स्वतःच गिऱ्हाइकाला विचारत असतो. चहाच्या टपरीवर मुळीच विचारू नये. टपरीवाल्याला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते. तो काहीतरी सांगतोच, वर हातवारे करून सांगतो. विचारावं इस्त्रीवाल्याला. "इस्त्रीवाला खोटं सांगत न्हाय. त्याला कपडे परत द्यायचे असतात."

एकदा मालकांना कुठून तरी हुक्की आली आणि त्यांनी सगळ्यांकडून छापील फॉर्म भरून घेतले. मास्तरांचा फॉर्म बघून ते खुर्चीतून उठून आमच्या टेबलाशी आले. पत्त्याच्या चौकोनात दोनच शब्द होते: 'टेमघर. विचारा.'

"मास्तर, हे काय? घर नंबर लिहा की."

"नंबर हाय. दोन येळा बदललाय. आता कुठला चालू हाय ते बघाया लागंल."

"बरं, गल्लीचं नाव?"

"हायत ना. दोन हायत. तुमाला कुठलं पायजे?"

"अहो, मग पोस्टमन कसा येतो तुमच्याकडे?"

"इचारत."

मालक फॉर्म घेऊन परत गेले. मला वाटतं त्या दिवसापासून ते मास्तरांना जरा घाबरायला लागले.

आता मास्तरांच्या सोमवारबद्दल सांगतो. दर सोमवारी ते आल्या आल्या प्रत्येकाच्या टेबलाशी जायचे आणि विचारायचे, "तुमी अजून तितंच ऱ्हाता ना?" मला सहा वर्षं विचारलं. मी सहा वर्षं हो म्हणालो. एकदा वैतागून म्हटलं, "अहो मास्तर, कर्जाचा फ्लॅट आहे, कुठे जाणार मी?" तर शांतपणे म्हणाले, "काल होता म्हनून आज असंल, असं न्हाय."

यामागेही बिल्ड टूलच होतं. त्या अवजाराला एक खोड असते. एकदा लायब्ररी सापडली की तो पत्ता ते लक्षात ठेवतं. पुढे लायब्ररी तिथून हलली, मेली, नवी आली, तरी हे आपलं जुन्याच दारात जाऊन उभं. म्हणून मास्तर प्रत्येक बिल्डच्या आधी त्याची सगळी आठवण पुसून टाकायचे. त्यासाठी एक फोल्डर उडवावं लागतं. ते उडवताना मास्तर स्क्रीनला हलकेच म्हणायचे, "इसर, बाबा." मग क्षणभर थांबायचे. अगदी स्मशानातून निघताना थांबतात तसे. मगच पुढचं बटण.

या सगळ्याला वेळ लागायचा. तिन्ही कंप्युटरांवर, आठवणी पुसून, विचारत विचारत बिल्ड करायला मास्तरांना कधी एक दिवस लागायचा, कधी दोन. पण एकदा त्यांनी हात लावला की तो प्रोग्राम कुठेही न्या, चालायचा. त्यामुळे त्यांनी नेमकं काय केलं हे कुणाला कधी दिसायचंच नाही. न तुटलेला धागा कुठे कुणाला दिसतो?

याच सुमारास मालकांचा तो मॅकवाला भाचा कंपनीत भागीदार झाला. वय तिशीचं, दाढी कोरलेली, बोलणं गोड. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते विचारायची सवय होती.

एका गुरुवारी त्याला कुणालातरी दाखवायला प्रोग्राम हवा होता, त्याच दिवशी. आणि मास्तर गावी हळदीला गेलेले. आमच्या बाजूची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण; हळदीला गेलेला माणूस परवापर्यंत धरायचाच नसतो. भाचा माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "तुम्हाला जमेल?"

इथे माझ्या हातून ते पाप घडलं. मी मास्तरांची विचारायची सगळी व्यवस्था बाजूला सारली आणि माझ्या कंप्युटरवरच्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता फाईलमध्ये ठोकून दिला. चार मिनिटांत प्रोग्राम उभा राहिला. अर्थात माझ्याच कंप्युटरवर. दुसरीकडे कुठेही तो मेलेल्या म्हशीसारखा पडला असता, पण त्या दिवशी दुसरीकडे न्यायचाच नव्हता.

भाच्याने घड्याळ बघितलं. "चार मिनिटं? मग मास्तर दोन दोन दिवस काय करतात?"

या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण ठाऊक होतं. ते मी एका वाक्यात देऊ शकलो असतो. मी म्हणालो, "चहा घेणार?"

शनिवारी मास्तर हळदीहून परत आले, तेव्हा मालकांनी त्यांना आत बोलावलं आणि 'थोडे दिवस आराम करा' असं सांगितलं. मालक सांगताना टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. मास्तरांना काय ते समजलं. त्यांनी ड्रॉवरमधून आपली वस्तू काढून घेतली. वस्तू एकच होती, जुन्या फणीचा एक तुकडा. त्याने ते पाठ खाजवायचे. मग ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. शनिवार असूनही त्यांनी सोमवारचाच प्रश्न विचारला.

"तुमी अजून तितंच ऱ्हाता ना?"

"हो, मास्तर."

"बरं," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मंगळवारी शेठच्या शेडमध्ये आमची परीक्षा होती. शेठ म्हणजे आमच्याच मागच्या गल्लीतले बत्तीस लूमचे मालक. मूळ खाडीकाठचं शेतकरी घर. जमिनी होत्या, त्यावर शेडी उठल्या. माणूस दिलदार, पण एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा साधारण अर्ध्या तासाची असे. आमच्या मालकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "शेठनी घेतलं तर आपण आहोत. नाही घेतलं तर वरचा मजला मी गोडाऊनला देतो. मला आता हे झेपत नाही." म्हणजे सात माणसांचं काय ते त्या मंगळवारी ठरणार होतं. खरं तर सहाच. सातवा आरामात होता.

शेडमध्ये लूमचा धडधडाट. शेठनी क्रिकेट बघायला भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही होता, तो आम्ही लिनक्सच्या डब्याला जोडला. कॅमेरा पाच नंबरच्या लूमवर. भाच्याने बिल्ड टूलला हुकूम सोडला आणि हात मागे बांधून उभा राहिला. टूल थोडा वेळ घुटमळलं आणि त्याने टीव्हीभर लाल अक्षरांत एक लांबलचक निरोप लिहिला. मथितार्थ असा की, मला दिलेल्या पत्त्यावर लायब्ररी नाही. कशी असेल? पत्ता माझ्या विंडोजचा, आणि तिथे उभा लिनक्स. टेमघरच्या माणसाला तुम्ही नागपूरच्या गल्लीत शोधताय.

भाच्याने पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा तोच निरोप. शेठ खुर्चीत सरसावून बसले. "काय रं, लागत न्हाय काय?"

"लागतंय, शेठ, दोन मिनिटं," मालक म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरांचा फोन बंद आहे. जा. घेऊन ये."

"कुठून?"

"टेमघरहून."

"टेमघरला कुठे?"

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निघालोच.

रिक्षाने टेमघरला उतरलो आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर टपरीवर विचारलं. घाई झाली की माणसाचं शिक्षण आधी गळून पडतं. टपरीवाल्याने हातवारे करून मला एका चाळीच्या मागच्या खोलीपाशी पाठवलं. दार एका भैय्याने उघडलं, हाताला कणीक लागलेली.

"मास्तर? वो तो चार साल पहले चले गये," तो म्हणाला. "पर लोग आते रहते हैं. आप बैठिए, पानी पीजिए. हम सबको पिलाते हैं."

जुन्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे काय, ते मला त्या पाण्याच्या ग्लासात दिसलं. मी स्वतःलाच "इसर, बाबा" म्हटलं, बाहेर आलो आणि इस्त्रीवाला शोधला. त्याने इस्त्री खाली न ठेवता, मान वर न करता सांगितलं: "पिठाच्या गिरणीमागं, निळं दार. शर्ट तयार हायत त्यांचे, जाताच हाव तर घेऊन जा."

तर अशा रीतीने, कंपनी बुडत असताना, मी दोन इस्त्रीचे शर्ट हातावर घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिलो.

दार वहिनींनी उघडलं. मी कोण, कुठून आलो हे ऐकल्यावर त्यांनी आत वळूनही न बघता विचारलं, "घेऊन चाललाव का यांना?"

"हो, वहिनी, तसंच काम—"

"घेऊन जावा. आधी ह्ये बघा." मला त्यांनी थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे फळ्यांवर डबे होते, आणि प्रत्येक डब्यावर मास्तरांच्या अक्षरात एकेक चिठ्ठी. मिठाच्या डब्यावर लिहिलं होतं: 'मी मीठ. हळद माझ्या वर. तेल लागल्यास खिडकीत विचारा.' चहाच्या डब्यावर: 'साखर व आलं बरोबर न्यावे.'

"तीन दिवस झाले," वहिनी म्हणाल्या. "चा कराचा तर आदी वाचाया लागतं."

मास्तर मागच्या दारात पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. फक्त शर्टांकडे बघून म्हणाले, "इस्त्रीवाल्याला इचारलं. बरं केलं."

मी सगळं सांगितलं. शेठ, टीव्ही, लाल अक्षरं, गोडाऊन. त्यांनी ऐकून घेतलं, मग तांदळातला एक खडा बाजूला टाकला.

"पत्ता कोनी लिवलाय?"

खोटं बोलायला तिथे जागाच नव्हती. माझ्या हातावर त्यांचे शर्ट होते.

"मी, मास्तर."

"पूर्ण?"

"पूर्ण. तुम्ही हळदीला होतात तेव्हा. आणि भाच्याने विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. त्याच्यामुळेच तुम्हाला..."

मास्तर उठले. मला वाटलं आता ते आत जाऊन निळं दार लावून घेणार, आणि त्यांनी तसं केलं असतं तर त्यांना बोल लावायला जगात कुणी उरलं नसतं. ते आत गेले. बाहेर आले ते माझ्या हातातला वरचा शर्ट घेऊन, बटणं लावत. "चला," म्हणाले. "शेठ किती येळ धरंल? अर्धा तास?"

"तो होऊन गेला, मास्तर."

"मग बिगी बिगी चला."

शेडमध्ये आम्ही पोचलो तेव्हा शेठ उठून उभे होते आणि मालक त्यांना खुर्ची दाखवत होते. भाचा मोबाईलवर काहीतरी शोधत होता. टीव्हीवर तो लाल निरोप तसाच. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बोट ठेवून वाचू लागले. इंग्रजी अक्षरं, पण शब्द सगळे माझे. आणि तिथे, बत्तीस लूमच्या धडधडाटात, तो पत्ता मी पहिल्यांदाच नीट वाचला.

लायब्ररीचा पूर्ण पत्ता असा होता: सी ड्राइव्ह, युजर्स, ॲडमिन, डेस्कटॉप, पुणे नोकरी, फायनल, लायब्ररी.

त्याचं असं झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी मी पुण्याच्या एका कंपनीत गुपचूप अर्ज केला होता. त्यांनी परीक्षा म्हणून घरी करायला एक काम दिलं, त्याला हीच लायब्ररी लागत होती. मी ती उतरवली त्याच फोल्डरमध्ये. पुण्याने मला नाकारून दीड महिना होऊन गेला होता. फोल्डर मात्र तिथेच. आणि मी तो पत्ता, अगदी पूर्ण, माझ्या हाताने कंपनीच्या प्रोग्रामात घालून ठेवला होता. ज्या मालकांनी मला कामतघरात खुर्ची दिली होती, ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. नशीब एवढंच की ते टीव्हीकडे बघत नव्हते. ते शेठच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मास्तरांचं बोट 'पुणे'पाशी आलं. थांबलं. 'नोकरी'वर गेलं. तिथेही थांबलं. मग त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांचे सहा वर्षांचे सगळे सोमवार एकदम आठवले.

"काय म्हणतंय, मास्तर?" मालकांनी घाईने विचारलं.

"सापडत न्हाय म्हनतंय."

"पण शोधलं कुठे त्याने?"

मास्तर म्हणाले, "लांब."

आणि ते डब्यासमोर बसले. त्या लाल निरोपावर त्यांनी दुसरी खिडकी उघडली, तो झाकला. माझी ओळ पुसली, मिरचीसारखीच. आठवणीचं फोल्डर उडवलं. "इसर, बाबा," म्हणाले. या खेपेला मला वाटलं ते नुसतं कंप्युटरला नव्हतं. मग विचारायची ओळ परत घातली. टूल निघालं, खुणेच्या जागी बघितलं, नेहमीच्या जागी बघितलं, नाही. मग त्याला चिठ्ठी मिळाली. कॅमेरा बनवणाऱ्यांनी लायब्ररी आपल्याच एका वेगळ्या गल्लीत ठेवून दिली होती. पण पोरगी चांगल्या घरची, चिठ्ठी ठेवून गेली होती. टीव्हीवर एक हिरवी ओळ उमटली: सापडली.

थोड्या वेळात पाच नंबरच्या लूमचं कापड टीव्हीभर पसरलं. पांढरंशुभ्र, सरकत. आम्ही सगळे बघत होतो. काहीच होईना. शेठ घड्याळाकडे बघायला लागले. आणि एकाएकी कापडाच्या डाव्या कडेला लाल चौकोन उमटला.

"क्या हुआ?" लूमवरचा कारागीर ओरडला.

"धागा टूटा है," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले.

"नहीं टूटा!"

"देखो."

त्याने लूम थांबवला, वाकला, ताण्यावरून बोट फिरवलं, आणि एक तुटका धागा दोन बोटांत धरून वर केला. शेठनी तो जवळ जाऊन पाहिला. "आयला!" म्हणाले. मग खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले. "बत्तीसच्या बत्तीस लूमला लाव. कवा लावताव?"

मालकांनी आपल्या भाच्याकडे बघितलं. भाच्याने मास्तरांकडे बघितलं आणि, त्याचं कौतुक केलं पाहिजे, सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरांना विचारा. त्यांना दोन दिवस लागतात. लागू देत."

मालक मास्तरांजवळ गेले. "मास्तर, मग उद्यापासून येताय ना?"

"येतो की. घरी चा मिळत न्हाय."

"आणि या वेळी फॉर्मवर पत्ता तेवढा नीट—"

"न्हाय," मास्तर म्हणाले. त्यावर मालकही हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तर मास्तर परत आले, आणि पुढे रीतसर निवृत्त होऊनच गेले. हल्ली ते खारबावला असतात म्हणे. जाताना त्यांनी मला नवा पत्ता लिहून दिला: 'खारबाव. स्टेशनवर विचारू नका.' दोनदा जाऊन आलो, अजून सापडलेले नाहीत. इस्त्रीवाला मात्र आता सापडलाय. मी स्वतः अजून कामतघरातच आहे, त्याच खुर्चीवर, आणि दर सोमवारी सगळ्यांना त्यांचा तो प्रश्न विचारतो. लोक मला विक्षिप्त म्हणतात.

पण माझी ही खुर्ची एकदा कशी डळमळली, हे सांगायचं तर मला पुन्हा त्या शेडमध्ये, त्या हसण्यापाशी जावं लागेल. सगळे खुशीत होते. मिठाई आणायला माणूस गेला होता. मालक शेठचा हात हातात घेऊन हलवत होते, मास्तर फणीच्या तुकड्याने पाठ खाजवत होते, आणि मी मनातल्या मनात टेमघरच्या दिशेने हात जोडत होतो. एवढ्यात भाच्याला वाटलं, शेठना दुसरंही काही दाखवावं. त्याने पुढची खिडकी बंद केली. मग तिच्यामागची बंद केली. आणि तिच्यामागे, भिंतभर, तो लाल निरोप पुन्हा उघडा पडला.

मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. पण शेठचं लक्ष गेलं होतं. शेठना इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची हौस होती, आणि अक्षरं वीतभर मोठी. ते ओठ हलवत एकेक शब्द पुढे सरकू लागले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो: युजर्स, ॲडमिन, डेस्कटॉप. तिथे ते थबकले. पुन्हा मागे जाऊन वाचलं. आणि नेमके त्याच क्षणी, शिफ्ट बदलल्यामुळे, बत्तीस लूम एकदम थांबले, आणि त्या भल्यामोठ्या शांततेत शेठ ओरडले:

"आरं, ह्यो पुन्याला नोकरीला कोन चाललाय?"